चोराच्या बायकोचा कळप

नेल्डा क्रेनेकला नवऱ्याची भीती पहिल्यांदा वाटली ती तो तुरुंगात गेल्यावर.

तो घरात होता तोवर तिला त्याचा कंटाळा येई, कधी कधी कीवही येई; भीती नाही. डार्विन क्रेनेक हात उगारणाऱ्यातला नव्हता. तो गप्प बसणाऱ्यातला होता. मनात आलेली गोष्ट तो वर्षानुवर्षं तशीच ठेवी आणि मग भलत्याच दिवशी, मीठ मागावं तशा आवाजात, चारचौघांत बाहेर काढी. थोरल्या भावाने, लॅम्बर्टने, एकदा त्याचा ट्रॅक्टर न विचारता नेला होता. डार्विन काहीच बोलला नाही. सहा वर्षांनी लॅम्बर्टला कर्जासाठी जामीन हवा होता. डार्विन त्याच्याबरोबर बँकेत गेला, खुर्चीत बसला, पेन उघडलं आणि मॅनेजरदेखत म्हणाला, "ट्रॅक्टर विचारून न्यायचा असतो." पेन बंद करून तो बाहेर आला आणि पिकअपमध्ये भावाची वाट बघत बसला. परतीच्या वाटेवर त्याने पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

ही गोष्ट नेल्डा पूर्वी हसत हसत सांगायची. तो आत गेल्यापासून तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

ती मूळची होलुब. टेक्ससच्या दक्षिण भागात न्यू मोराव गावाभोवती जी चेक घरं आहेत, त्यांतलं एक. पणजोबा बोटीतून आले तेव्हाची भाषा आता चर्चमधल्या दोन प्रार्थनांत, शिव्यांत आणि कोलाचे नावाच्या गोड पावांत उरली आहे. वडील एमिल होलुब यांची ती एकुलती एक मुलगी. जमीन तिच्याच नावावर आली. लग्नात त्यांनी तिला बारा कालवडी दिल्या. प्रत्येकीच्या डाव्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने उठवलेला होलुबांचा डाग होता, अर्धवर्तुळ आणि त्याखाली एच. मूलबाळ झालं नाही. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात काम, दुपारनंतर गुरं, रविवारी चर्च, असं तिचं आयुष्य पन्नाशी ओलांडून गेलं. डार्विन तिच्या गुरांकडे बघायचा आणि वर ट्रेलरने लोकांची गुरं लिलावाला पोचवायचा.

त्या ट्रेलरमध्ये लोकांची न विचारता उचललेली वासरंही जातात, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. आणि कळलं ते एका गाईमुळे.

शेजारच्या बर्टा यानाकबाई म्हणजे सगळ्या गावाच्या तेता, म्हणजे मावशी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, गुडघे गेलेले, गुरं स्वतः मोजायला जाणं बंद. त्यांची एक भुरी गाय ऑक्टोबरातल्या एका सकाळी क्रेनेकांच्या कुंपणाला येऊन उभी राहिली आणि हंबरायला लागली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. चरायला जाईना, पाण्याला जाईना. तारेवर मान टाकून क्रेनेकांच्या गुरांच्या आवाराकडे तोंड करून ओरडत राहिली. त्या आवारात, लिलावाला न्यायच्या वासरांमध्ये, एक भुरं गोऱ्हं होतं. ते उत्तर देत होतं.

जन्मभर गुरांत राहिलेल्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

"ते भुरं कुणाचं?" तिने जेवताना विचारलं.

"आपलं," डार्विन म्हणाला.

"आपल्यात भुरी गाय कुठली?"

डार्विनने पाव तोडला. "वळूवर गेलं असेल." आणि मग त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पशुखाद्याच्या दुकानात गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा घ्यायला गेली. तिथं रॉय स्टिडम उभा होता. गुरांच्या चोऱ्यांचा तपास हेच त्याचं काम. आठवड्यातले दोन दिवस तो अशाच दुकानांतून कॉफी पीत हिंडे. नेल्डाने पैसे दिले, विटा उचलल्या आणि त्याच्याजवळून जाताना एक वाक्य बोलली. "बर्टातेताची गाय आमच्या कुंपणाशी का ओरडते, ते बघा." तो काही बोलायच्या आत ती दाराबाहेर होती.

स्टिडम झडतीचा हुकूम घेऊन आला तेव्हा डार्विन ट्रेलर जोडत होता. स्टिडमने काही विचारपूस केली नाही. भुऱ्या गोऱ्ह्याला वेगळं काढलं आणि मधलं फाटक उघडलं. गोऱ्हं धावत सुटलं ते थेट भुऱ्या गाईच्या पोटाखाली. गाय चाटायला लागली. स्टिडमने फोटो काढले. त्या मुलखात एवढा पुरावा पुष्कळ होतो. पुढं लिलावाच्या कागदांवरून दोन वर्षांतली आणखी वासरं निघाली. डार्विनने खटला चालूच दिला नाही. सगळं कबूल केलं आणि चार वर्षांची शिक्षा घेतली. बेड्या घातल्यावर तो गाडीत बसेपर्यंत गाईकडे बघत होता. नेल्डाकडे त्याने एकदाच पाहिलं, आणि तेही शांतपणे.

कुणी सांगितलं, हे गावाने विचारलं नाही. स्टिडम कुंपणाशेजारून गेला असेल, त्याने ऐकलं असेल, अशी समजूत झाली. नेल्डाने ती होऊ दिली.

घटस्फोट घ्यायचा हे तिने डार्विन गेल्याच्या आठवड्यातच ठरवलं. पण गंभीर गुन्ह्याची शिक्षा हे कारण द्यायचं तर टेक्ससच्या कायद्याला नवऱ्याने निदान एक वर्ष तुरुंगात काढलेलं लागतं. ते वर्ष तिने काढलं. आणि त्याच वर्षात भीती घरात राहायला आली.

त्या भागात गेटाचा एक नियम असतो. कुणाच्याही रानातून जा. गेट उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद करायचं. मालकाने ते तसं का ठेवलं हे त्याला माहीत असतं. तळ्याकडे जाणारं गेट चुकून लावलं तर गुरं पाण्यावाचून मरतात. लहान मूलही हा नियम मोडत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी नेल्डा शाळेतून आली तेव्हा तळ्याकडचं गेट लावलेलं होतं. सकाळी तिने ते उघडं ठेवलं होतं. साखळी नीट आकड्यात अडकवलेली होती. गाई गेटाशी गर्दी करून, जीभ बाहेर काढून उभ्या.

तिने गेट उघडलं, पिकअपमध्ये जाऊन बसली आणि काचा वर केल्या. बाहेर भट्टीसारखं ऊन होतं. घामाने कपडे सीटला चिकटले तरी तिने काच खाली केली नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. त्यानंतर एकदा परसातलं गेटही लावलेलं सापडलं. शेवटी तिने रान सोडून शाळेत जाणंच कमी केलं. दार वाजलं की स्वयंपाकघरातल्या खिडकीतून आधी बघायची. कुत्रं भुंकलं तरी जेवता जेवता उठायची. कुत्रं भुंकलं नाही तर का भुंकलं नाही म्हणून उठायची.

वर्ष भरलं तशी तिने त्या कारणावर कोर्टात अर्ज टाकला आणि महिन्याभराने ती तालुक्याच्या गावी वकिलाकडे गेली. योलांडा ट्रेव्हिन्यो ही तिशीतली बाई, टेबलावर एकाच वेळी दोन कॉफीचे कप ठेवणारी. तिने आधी जमिनीचं विचारलं. जमीन वडिलांची, म्हणजे नेल्डाचीच. जमिनीला धक्का नव्हता.

"गुरं किती?"

"सदतीस गाई. सगळ्या माझ्या. वडिलांचा डाग आहे प्रत्येकीवर."

"वडिलांनी दिलेल्यांपैकी आज जिवंत किती?"

नेल्डा हसली. "बाई, गाय तीस वर्षं जगते होय?"

ट्रेव्हिन्यो हसली नाही. "मग आज आहेत त्या त्यांच्या नाती, पणत्या."

"हो. माझ्याच गाईंच्या पोटच्या."

"तिथंच घोळ आहे, मिसेस क्रेनेक. माहेरून आलेली गाय तुमची. पण लग्नानंतर तिला झालेलं वासरू दोघांचं. टेक्ससमध्ये असंच आहे. तुमच्या बाराही गाई मेल्या. राहिलेला अख्खा कळप लग्नातला आहे. निम्मा त्याचा."

"पण डाग होलुबांचा आहे."

"डाग चोराला पकडायला उपयोगी. नवऱ्याला नाही."

नेल्डाने हात मांडीवर ठेवले. तिच्या गावात ही चूक करणारी ती एकटी नव्हती. तिथली प्रत्येक बाई हेच समजून म्हातारी झाली होती की पुठ्ठ्यावर ज्याचं नाव त्याची गाय. पण चूक सगळ्यांची असली म्हणून गाई सदतीसच्या जास्त होत नव्हत्या. अठरा गाईंवर ती जमीन निभत नाही. निभली असती तर आजूबाजूच्या तिघांनी विकून शहर गाठलं नसतं.

"दोन वाटा आहेत," ट्रेव्हिन्यो म्हणाली. "पटत नाही एवढंच कारण द्या. पाच मिनिटांत घटस्फोट, निम्मे निम्मे, कुणी काही विचारणार नाही. नाहीतर त्याच्या गुन्ह्याचं कारण द्या. संसार मोडला तो त्याच्या करणीनं, असं ठरलं तर न्यायाधीश तुम्हाला जास्त देऊ शकतात. बरंच जास्त."

"दुसरं."

"थांबा. तुमच्या अर्जाला त्यानं उत्तर दिलंय. वकील केलेला नाही, स्वतःच लढणार. कायद्यात एक कलम आहे: नवऱ्याला शिक्षा बायकोच्या साक्षीवर झाली असेल तर त्या शिक्षेचं कारण बायकोला घटस्फोटासाठी वापरता येत नाही. तो म्हणतो, तुमच्यामुळंच तो आत गेला."

नेल्डा खुर्चीत पुढे सरकली. "त्याला कसं कळलं?"

ट्रेव्हिन्योने दुसरा कप बाजूला सरकवला. "म्हणजे कळण्यासारखं काही आहे."

मग नेल्डाने ते वाक्य सांगितलं. आयुष्यात दुसऱ्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि बंद खोलीत असूनही तिने दाराकडे पाहिलं.

"ही साक्ष नव्हे," ट्रेव्हिन्यो म्हणाली. "खटला झालाच नाही, कबुलीवर शिक्षा झाली. कलम लागू पडणार नाही, असं माझं मत. पण तो तुम्हाला प्रश्न विचारणार. शपथेवर. तिथं खोटं बोललात तर तो पण गंभीर गुन्हाच, तुमच्या नावावर. तेव्हा विचार करा. कायद्याचं मी बघते. गावाचं मला बघता येत नाही."

घरी जाताना नेल्डाने दोनदा गाडी कडेला घेतली. गप्प राहायचं तर निम्मा कळप जातो आणि त्याच्यामागून जमीन. बोलायचं तर डार्विनला खात्री होते, आणि डार्विन खात्री झालेली गोष्ट विसरत नाही. तो तारखेची वाट बघतो.

तिने दुसरी वाट धरली. धाडस म्हणून नाही. वडिलांच्या रानातून बाहेर पडून दुसरीकडे कुठं जायचं, हे तिला सुचेना.

सुनावणीच्या सकाळी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये लॅम्बर्ट क्रेनेक बाकावर बसला होता. रविवारचा शर्ट, हातात टोपी. तिला बघून त्याने बाकावर सरकून जागा केली. ती उभीच राहिली.

"गेट मी लावत होतो," तो म्हणाला.

नेल्डाने त्याच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"त्यानं सांगितलं होतं. फोनवर. म्हणाला, कुणीतरी येऊन जातं हे तिला कळू दे. बाकी काही करू नको."

"गाई तहानेनं मेल्या असत्या, लॅम्बर्ट."

"म्हणून दुपारीच लावायचो. तू तीनला येतेस." त्याने टोपी फिरवली. "पहिल्यांदा काही वाटलं नाही. नंतर वाटलं."

"नंतर वाटलं म्हणून थांबलास?"

"नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तो म्हणतो तू सांगितलंस. मी म्हटलं, नेल्डा? ती कोंबडीनं अंडं घातल्याचं कुणाला सांगत नाही. आज सरळ नाही म्हणून टाक. विषय संपला. मी त्याला समजावतो, आणि गेटाचंही मिटलं. आईच्या आत्म्याची शपथ."

तो मनापासून बोलत होता. त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली. एक शब्द, आणि सगळे क्रेनेक पुन्हा तिच्या बाजूला. शब्द आखूड होता आणि तो तिच्या जिभेवर तयार होता.

आत मोजकी माणसं होती. बर्टातेता काठी टेकून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डार्विनला आणलं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर तो दिसत होता, पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरी भिंत. बारीक झाला होता. पडद्यावर आवाज थोडा उशिरा येई. आधी ओठ हलत, मग शब्द ऐकू येत. त्यामुळे तो बोलून गप्प झाल्यावर त्याचं बोलणं खोलीत पोचे.

ट्रेव्हिन्योने आपले प्रश्न उरकले. न्यायाधीश कॅस्टरलाइन म्हातारे होते, चष्म्यावरून बघणारे. "मिस्टर क्रेनेक, विचारा. प्रश्न विचारायचे, भाषण नको."

डार्विनने समोरचा कागद उचलला, वाचला आणि उलटा ठेवून दिला.

"नेल्डा."

"हं."

"बरी आहेस ना?"

"मिस्टर क्रेनेक," न्यायाधीश म्हणाले.

"विचारतो, साहेब. नेल्डा, माझ्याविरुद्ध तू कधी साक्ष दिलीस?"

"नाही."

हे खरं होतं. लॅम्बर्टने मान डोलावली. इथंच थांबता आलं असतं तर, असं तिला वाटलं, आणि ती पडद्याकडे न बघता खाली बघत राहिली. डार्विनचे ओठ पुन्हा हलले. शब्द यायला वेळ होता.

"दुकानात. रॉय स्टिडमशी तू काही बोललीस का?"

ट्रेव्हिन्यो उठली, हरकत घेतली. न्यायाधीशांनी थोडा विचार केला. "त्यांचा सगळा मुद्दाच तो आहे. विचारू दे. मिसेस क्रेनेक, उत्तर द्या."

 साक्षीदाराच्या खुर्चीतून लॅम्बर्टचा चेहरा अगदी समोर होता. तो तिला डोळ्यांनी सांगत होता, नाही म्हण. तिला त्याची दया आली आणि तितकीच त्याची भीतीही वाटली. शपथ घेताना वर केलेला हात तिने मांडीवर ठेवला.

"हो," ती म्हणाली.

"मोठ्यानं," न्यायाधीश म्हणाले.

"हो. बोलले."

"काय?" डार्विनने विचारलं.

"बर्टातेताची गाय आमच्या कुंपणाशी का ओरडते, ते बघा."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

पहिल्या रांगेत बर्टातेतांची काठी जमिनीवर पडली. कुणी उचलली नाही. लॅम्बर्टने टोपी डोक्यावर घातली, मग आत घालायची नसते हे आठवून पुन्हा काढली.

डार्विन पडद्यावर मागे टेकून बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या बँकेतून बाहेर येताना होता तसाच तो दिसत होता, हलका झालेला.

"माझं झालं, साहेब," तो म्हणाला.

"झालं? तुमच्या हरकतीच्या बाजूनं काही सांगायचं नाही?" न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खटल्यात तुमच्या बायकोनं साक्ष दिली होती?"

"खटला कुठं झाला? मीच कबूल केलं."

"मग शिक्षा झाली ती तुमच्या तोंडच्या शब्दांवर. हे कलम तुम्हाला लागू नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं. तुरुंगात कायद्याची पुस्तकं आहेत."

"मग हरकत कशाला घेतलीत?"

ओठ हलले. खोलीतल्या सगळ्यांनी वाट पाहिली.

"तिनं सांगितलं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, साहेब. जेवताना तिनं गोऱ्ह्याचं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी रॉय बसतो त्या दुकानात गेली. गाय मुकी असते. नेल्डानं माणसांत उभं राहून बोलावं, एवढंच हवं होतं. लॅम्बर्टनं ऐकलं ना?"

न्यायाधीशांनी निकाल तिथंच दिला. घटस्फोट नवऱ्याच्या गुन्ह्याच्या कारणावर. घर बायकोला. कळपातल्या दर चार गाईंमधल्या तीन बायकोला, एक नवऱ्याला. त्याची वाटणी त्याच्या भावाने उचलायची. ट्रेव्हिन्योने तिचा दंड दाबला. ती जिंकली होती. पडदा बंद झाला तरी ती त्या काळ्या चौकोनाकडेच बघत होती.

बाहेर बर्टातेतांनी तिला गाठलं. "तूच होतीस होय गं? आणि मी त्या स्टिडमला गेल्या नाताळात सॉसेज पाठवलं! म्हटलं, काय कान आहे पोराचा. कसला कान! गाय हंबरली तर त्याला ट्रकचा हॉर्न वाटेल." मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "मला येऊन सांगायचंस."

"तुम्ही साऱ्या गावाला सांगितलं असतं, तेता."

"असतं तर असतं." त्यांनी ते नाकारलं नाही.

गावाने नेल्डाला वाळीत टाकलं नाही. वासरं चोरणाऱ्याची दया तिथं कुणाला येत नाही. दुकानात पुरुष टोपीला हात लावत, चर्चमध्ये बायका शेजारी बसत. फक्त क्रेनेकांची रांग तिच्याआधीच भरून जाई. पण तिची भीती गावाची नव्हतीच, त्यामुळे गावाच्या चांगुलपणाने ती कमीही झाली नाही.

लॅम्बर्ट ट्रेलर घेऊन आला तेव्हा दोघांनी मिळून गाई चढवल्या. ते काम एकट्याने होत नाही. शेवटची चढल्यावर त्याने दार लावलं आणि हातमोजे काढले.

"नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

"शपथ घेतली होती."

"शपथ लग्नातही घेतली होतीस."

"त्यानंही घेतली होती. चोरी करायच्या आधी."

लॅम्बर्टने हातमोजे खिशात कोंबले. "वेळेआधी सोडतील त्याला. वागणूक चांगली आहे म्हणे. माझ्याकडे राहील, दुसरीकडे कुठं राहणार? माझ्या अंगणातून तुझं छप्पर दिसतं, नेल्डा."

"माहीत आहे."

"मी तुला घाबरवत नाहीये."

"तेही माहीत आहे."

"विकून टाक. बहीण समजून सांगतो."

"विकायचंच असतं तर निम्म्या गाई घेऊन गप्प बसले असते," ती म्हणाली.

तो गेला. तेव्हाच तिला आपण काय मिळवलंय याचा नीट अंदाज आला. कळप असलेल्या माणसाला गाव सोडता येत नाही. गाईंना रोज माणूस लागतो, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. तिने डार्विनकडून कोर्टात जे सोडवून घेतलं होतं, त्यामुळे ती कधी कुठं सापडेल हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

ट्रेव्हिन्योने आणखी एक गोष्ट कळवली. कैदी सुटायचा असला की सरकार आधी खबर देतं, पण ती ज्याचं नुकसान झालं त्याला. म्हणजे वासरांच्या मालकिणीला. आता नेल्डा त्याची कोणीच नव्हती; वेगळा अर्ज करता येईल, पण तो मंजूर व्हायला वेळ लागेल.

"मला कळवणार?" बर्टातेता खूश झाल्या. "उत्तम. कळलं की तुला लगेच फोन."

पण बर्टातेता एकट्या होत्या आणि फोन हा त्यांचा जुना विरंगुळा होता. त्या रोज फोन करायला लागल्या. कोलाच्यांत खसखस घालू की जर्दाळू. पाद्रीबाबांचा खोकला ऐकलास का. घंटा वाजली की नेल्डाच्या हातातलं भांडं निसटायचं, आणि पलीकडून यायचं, "अगं काही नाही, सहज." एकदा ती रिसीव्हर धरून रडली, आवाज न करता, आणि बर्टातेता पावसाचं सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. "तेता, मला फोन करू नका. मी रोज संध्याकाळी येऊन बसेन तुमच्याजवळ, वाटलं तर भांडी घासेन. पण फोन फक्त त्याच एका गोष्टीसाठी."

बर्टातेतांनी तिच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करणार होत्या, ती केली नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "त्याच एका गोष्टीसाठी."

ती दररोज जाऊ लागली. घरचा फोन गप्प झाला. अख्खा हिवाळा तो वाजला नाही, आणि नेल्डा पुन्हा सलग झोपू लागली. वासरं झाली, ती तिने एकटीने मोकळी केली. एक पायाळू आलं, तेही वाचलं.

मार्चमधल्या एका सकाळी ती चाऱ्याची पोती पिकअपमध्ये टाकत होती. स्वयंपाकघरात फोन वाजला.

तिने हातातलं पोतं आधी नीट रचून ठेवलं. पायऱ्या चढली. हात कपड्याला पुसले. फोन वाजतच होता. बर्टातेतांना घाई नव्हती, त्यांना ठाऊक होतं ती येणार.

"नेल्डा? मी बोलते."

"हं."

"सोमवारी."

"बरं," नेल्डा म्हणाली. काहीतरी विचारायला हवं म्हणून तिने विचारलं, "सकाळी की दुपारी?"

"ते नाही सांगत. मी येऊ का तुझ्याकडे राहायला? माझ्या काठीचा काय उपयोग म्हणा."

"या," नेल्डा म्हणाली. तिने रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून थोडी उभी राहिली. बाहेर गाई गोळा होऊन हंबरायला लागल्या होत्या. त्यांची वेळ टळत होती. तिने पिकअपची किल्ली घेतली आणि त्यांना चारा घालायला गेली.